बिग सायप्रसच्या पाण्यात, क्लाइड बुचर यांच्या मागावर

फ्लोरिडात मायामीहून नेपल्सला जायचं तर बहुतेक लोक टोल भरून अलिगेटर ॲली धरतात आणि सरळ रेषेत सुसाट निघतात. भाऊजींचाही तोच बेत होता. मी हट्टाने जुना ताम्यामी ट्रेल घ्यायला लावला. बिग सायप्रसची दलदल कापून काढलेला हा रस्ता १९२८ साली खुला झाला, आणि त्यावरच ओचोपी गावाजवळ छायाचित्रकार क्लाइड बुचर यांची गॅलरी आहे. मला फ्लोरिडात फक्त तेवढंच बघायचं होतं. मायामीतले दिवस समुद्रकिनारा, गर्दी आणि पार्किंग शोधण्यात गेले; त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वाटेत एअरबोटीतही, म्हणजे मागे मोठा पंखा लावलेल्या सपाट बोटीतही, बसलो. कान झाकून बसावं लागेल इतका आवाज, समोरून भेदरून उडणारे बगळे. असल्या शांत जागेत ही करमणूक कुणाला सुचते, याचा मला खरंच राग आला.

गॅलरीत शिरल्यावर मात्र पाय जागीच थबकले. समोरच्या भिंतीवर ढग होते. पाच फूट उंच, आठ-नऊ फूट रुंद कृष्णधवल प्रिंट. खाली गवताची सपाट पट्टी आणि वर सगळं आभाळच. मी चष्मा लावून अगदी नाक टेकेल इतकं जवळ गेले. गवताचं पातं न् पातं वेगळं दिसत होतं. इंटरनेटवर हाच फोटो मी कितीदा पाहिला असेन, पण त्यात ह्यातलं काहीच नव्हतं.

बुचर यांचा जन्म १९४२ चा, कॅन्सस सिटीचा. शिक्षण वास्तुरचनेचं, कॅलिफोर्नियात. इमारतींच्या मॉडेल्सचे फोटो काढता काढता ते छायाचित्रणाकडे वळले. पुढे निसर्गाचे रंगीत फोटो, त्यात बसवलेली घड्याळं, आणि हा माल थेट मोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्समध्ये. धंदा चांगला चालला होता. मग कुटुंब फ्लोरिडात आलं आणि १९८६ साली दारूच्या नशेत गाडी चालवणाऱ्या एकाने त्यांच्या मुलाचा, टेडचा, जीव घेतला. टेड १७ वर्षांचा होता. त्यानंतर बुचर दलदलीत जाऊ लागले. रंगीत काम त्यांनी फेकून दिलं आणि मोठा लाकडी कॅमेरा, काळं कापड आणि कृष्णधवल फिल्म घेऊन पाण्यात उभे राहिले.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. भिंतीसमोर उभं राहून ताईला सांगायला लागले आणि आवाजच फुटेना. ताईचा मुलगाही आता तेवढ्याच वयाचा आहे. तिने काही न बोलता माझा हात धरून ठेवला.

गॅलरीच्या मागे वाटाड्याबरोबर पाण्यात उतरता येतं. हातात काठी, पायात जुने बूट. भाऊजी काठावरच थांबले, ताई आणि मी उतरलो. पाणी आधी गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. रंग कोऱ्या चहासारखा, पण इतकं नितळ की तळाची पानं दिसत होती. मला वाटलं होतं घाण वास येईल, चिखल असेल. पण पाणी साचलेलं नाही, ते वाहतं. जमिनीचा उतार इतका कमी की वाहणं डोळ्यांना कळत नाही, एवढंच. सायप्रसच्या झाडांची खोडं बुंध्याशी फुगलेली, भोवती मुळांचे गुडघ्याएवढे सुळके, फांद्याफांद्यांवर मातीशिवाय वाढणारी अननसाच्या कुळातली झुडपं.

तिथे मला बुचर यांचं काम खऱ्या अर्थाने कळलं. त्या जंगलात नजर ठरायला जागाच नाही. ना डोंगर, ना कडा, ना धबधबा. जिकडे पाहावं तिकडे फांद्या आणि सावल्या सारख्याच महत्त्वाच्या. मोबाईलने फोटो काढला तर नुसता तपकिरी गुंता आला. ८×१० इंचांची, कधी त्याहूनही मोठी फिल्म लागते ती यासाठी: प्रत्येक फांदी कोपऱ्यापर्यंत स्पष्ट हवी, म्हणजे बघणाराही त्यात आपला आपण वाट काढत फिरतो. आणि त्यासाठी ते जड कॅमेरे, तिपाई, फिल्मचे होल्डर घेऊन हा माणूस कमरेएवढ्या पाण्यात, डासांत, योग्य उजेडाची वाट बघत तासन् तास उभा राहिला.

त्यांना सगळीकडे ‘एव्हरग्लेड्सचे ॲन्सेल ॲडम्स’ म्हणतात. एव्हरग्लेड्स म्हणजे दक्षिण फ्लोरिडातला पाणथळ प्रदेश, आणि ॲडम्स म्हणजे अमेरिकेतल्या निसर्गाचे कृष्णधवल फोटो काढणारे प्रसिद्ध छायाचित्रकार. कौतुकच आहे, पण मला ते पटत नाही. ॲडम्स यांच्यासमोर कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीचे कडे होते; ते बघून कुणीही थक्क होईल. बुचर यांनी निवडली ती जागा लोकांना रिकामी, निरुपयोगी वाटायची. १९६८ साली याच दलदलीत प्रचंड विमानतळ बांधायला घेतला होता. विरोध झाला, एका धावपट्टीवर काम थांबलं आणि १९७४ साली बिग सायप्रस राखीव क्षेत्र झालं. अशी जागा भिंतभर मोठी करून लोकांसमोर उभी करणं हे वेगळं आणि माझ्या मते जास्त अवघड काम आहे.

२०१७ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. त्यानंतर ते अवजड कॅमेरे सुटले आणि ते डिजिटलकडे वळले. काम मात्र थांबलं नाही.

जायचं असेल तर हिवाळ्यात जा. पावसाळ्यात डास उभं राहू देत नाहीत, असं वाटाड्या म्हणाला. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. आणि गॅलरीत घाई करणारं माणूस सोबत असेल तर त्याला आधी जेवायला पाठवा. भाऊजी वाटेवरचं अमेरिकेतलं सगळ्यात छोटं पोस्ट ऑफिस बघायला पुढे गेले, तेव्हा कुठे मला त्या ढगांसमोर पुन्हा जाऊन हवा तेवढा वेळ बसता आलं.