मंगळावर हवा विकत मिळते: लिटल निमोच्या पानांचं काम कुठवर आलं

विन्सर मॅकेच्या 'लिटल निमो' या जुन्या अमेरिकन चित्रकथेच्या पानांचे स्कॅन साफ करून मी त्यांचे प्रिंट काढतोय. त्यातल्या झोपडपट्टीच्या गोष्टीची पानं (१९०८) संपली, प्रिंटही काढून झाले. आता १९१० सालची मंगळाची पानं घेतली आहेत. वेग कमी आहे, कारण साफ करता करता वाचतच बसतो.

नव्यांसाठी थोडक्यात: लहानग्या निमोची ही चित्रकथा १५ ऑक्टोबर १९०५ पासून 'न्यूयॉर्क हेराल्ड' या वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत यायची. स्वप्नात भटकंती, शेवटच्या चौकटीत पलंगावर जाग. अख्खं पान त्याचं, साधारण १६ बाय २१ इंच, म्हणजे ए-टू कागदावर जवळपास मूळ मापात बसतं.

आधी तांत्रिक. जुना न्यूजप्रिंट पिवळा पडतो, आणि मॅकेच्या रंगांत पिवळी शाई भरपूर. सरसकट लेव्हल्स (उजेड-काळोखाची पातळी) ओढल्या तर आकाशाचा जीव जातो. म्हणून कागदाचा रंग कोऱ्या समासातून उचलतो, पिवळ्या भागांना वेगळा मास्क लावतो (म्हणजे तेवढा भाग झाकतो) आणि मग हलक्या हाताने उजळवतो. छपाईचे बारीक ठिपके तसेच ठेवायचे. ब्लर मारला की पान प्लास्टिकचं दिसतं. काही पानांवर लाल रंगाचं रजिस्ट्रेशन आऊट आहे, म्हणजे लाल शाई रेषेपासून सरकून छापली गेली आहे, तेही राहू द्यावं असं माझं मत. मधली घडी मात्र बुजवतोय. सगळ्यात वेळखाऊ काम संवादांच्या फुग्यांतल्या अक्षरांचं. इमारतीची एकेक कमान मोजून काढणारा हा माणूस संवाद मात्र उरल्या जागेत कोंबायचा. काळ्या शाईचा थर (चॅनल) वेगळा काढून शार्प केल्याशिवाय अक्षर लागत नाही.

आणि नेमकं मंगळावर शब्द विकत घ्यावे लागतात! निमो, स्वप्ननगरीची राजकन्या, निमोचा खोडकर सोबती फ्लिप आणि मंडळी हवाई जहाजाने तिथे पोचतात. ग्रहाचा मालक एकच, बी. गॉश. बोलायचं तर शब्दांचे पैसे, श्वास घ्यायचा तर हवेचे पैसे. मॅकेच्या फुग्यांतली गर्दी बघता त्याचं स्वतःचं दिवाळं पहिल्याच आठवड्यात निघालं असतं.

हेराल्डच्या वाचकाला हे फार दूरचं वाटलं नसणार. १९०० साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन आईस कंपनीने बर्फाचा भाव शंभर पौंडांना ३० सेंटवरून ६० सेंटवर नेला होता. शहराचे महापौर व्हॅन विक यांच्याकडेच त्या कंपनीचे शेअर निघाले आणि केवढा गदारोळ झाला! फ्रिज नसलेल्या घरात बर्फ म्हणजे बाळाचं दूध. मंगळाची पानं छापली जात होती तेव्हा तेलाच्या धंद्यात मक्तेदारी असलेल्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचा खटला सुप्रीम कोर्टात होता. मे १९११ मध्ये कंपनी फोडायचा निकाल लागला. बर्फ झाला, तेल झालं, आता हवा.

झोपडपट्टीची पानं जास्त नावाजली जातात. जादूच्या कांडीने वस्तीचं नंदनवन होतं, आजारी मुलगी बरी होते. डोळे पाणावतात, कबूल. पण तिथे गरिबी कुणामुळे आली हे कुणी विचारत नाही, आणि कांडी फिरवली की प्रश्न मिटतो. मंगळावर मालकाला नाव आहे, प्रत्येक गोष्टीला भाव आहे. चित्रं मात्र स्वप्ननगरीइतकीच देखणी. तेच उंच मनोरे, दृश्याला तीच खोली. मला ही पानं म्हणूनच जास्त बोचतात. (निमोच्या सोबत्यांपैकी इम्प या कृष्णवर्णीय पात्राचं वर्णद्वेषी चित्रण आज बघवत नाही. साफ करताना त्यात काही बदलत नाहीये, छापलं तसंच ठेवतोय.)

मालकीचा चटका पुढे मॅकेलाही बसला. १९११ मध्ये तो वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या वृत्तपत्रात गेला, पण 'लिटल निमो' हे नाव हेराल्डकडेच राहिलं. पात्रं तीच, मालिकेला नवं नाव द्यावं लागलं. पुढे हर्स्टने त्याला चित्रमालिकांतून काढून अग्रलेखांसाठी चित्रं काढायला बसवलं.

सध्या मंगळावर उतरण्यापर्यंतची पानं तयार आहेत. पुढच्या पानांचे स्कॅन कडेला कापलेले आहेत, समासच नाही, त्यामुळे कागदाचा रंग उचलायला जागा नाही. कुणाकडे पूर्ण समासाचे स्कॅन असतील तर सांगा. ए-टूसाठी मी मॅट कागद वापरतोय. चकचकीत कागदावर ही शाई अजिबात शोभत नाही.