हुमणीवरची माशी

सप्टेंबर महिना, शिरोळ तालुक्यातली आडसाली, म्हणजे पावसाळ्यात केलेली उसाची लागण. मी कृषी सहायक म्हणून पाहणीला गेले, तर खुरपणीच्या बाया बांधावरच खोळंबलेल्या आणि आबा पाठीला पंप अडकवत होते. "मॅडम, ह्या गांधीलमाशांपायी बाया रानात उतरंनात. औषध मारून घेतो."

कोवळ्या उसाच्या ओळींवर काळ्या, केसाळ माशा जमिनीला लगटून घिरट्या घालत होत्या. पोळं कुठेच नव्हतं. आबांना थांबवून मी जाळीत एक धरली. अंग सडपातळ, मिशा लांब नि सरळ, म्हणजे नर. याला डंख मारता येत नाही. जमिनीतून वर येणाऱ्या माद्यांसाठी तो असा फिरत राहतो. स्कोलिया कुळातली ही कॅम्पसोमेरिएला कॉलारिस. हुमणीचा, म्हणजे मातीत राहून मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचा, एवढा मोठा शत्रू, पण ऊसवाल्यांच्या ओळखीचा नाही, याची मला नेहमी हळहळ वाटते.

एक पिवळा पडलेला ठोंब ओढला तर अलगद हातात आला, मुळं कुरतडलेली. तिथंच माती उकरली. एरवी हुमणी उजेडात येताच वळवळते. ही निपचित होती, आणि पोटाखाली उभं चिकटलेलं पांढरं इवलंसं अंडं! पुस्तकातल्या चित्रात कितीदा पाहिलेलं. रानात, स्वतःच्या तळहातावर, पहिल्यांदाच. भिंगातून आबांना दाखवताना माझा हात थरथरत होता.

मादी काटेरी, दणकट पायांनी माती उकरत हुमणीपर्यंत पोचते. हुमणीच्या मज्जातंतूंच्या गाठी छातीजवळ एकवटलेल्या असतात, तिथं डंख बसला की ती लुळी पडते. मरत नाही, म्हणून सडतही नाही. माशीची अळी अंड्यातून निघून त्या हुमणीलाच बाहेरून खाते आणि शेजारीच कोष विणते. हवाईतल्या उसासाठी 1916 मध्ये फिलिपिन्समधून याच कुळातली माशी मुद्दाम नेली होती. आपल्याकडे ही कॉलारिस आपणहून आलेली.

आबांनी पंप उतरवला. "मग सगळी हुमणी ह्याच खातील?"

नाही. एका हुमणीवर एकच अंडं, त्यामुळे एकट्या माशीवर भिस्त ठेवून चालणार नाही. वाळलेल्या ठोंबांच्या बुडाशी मेटारायझियम ही हुमणी मारणारी बुरशी द्यायचं ठरलं, आणि वळवाच्या पहिल्या पावसानंतर बाभळी-कडुनिंबावरचे हुमणीचे भुंगेरे रात्री झाडून गोळा करायचे. बांधावरचं फुललेलं तण मात्र काढू नका, असं मी म्हणाले, कारण पूर्ण वाढलेल्या माशीचं पोट फुलांतल्या मधावर भरतं. बाया तोवर रानात उतरल्या होत्या.