निळा थर्मास

पंधरा वर्षं मराठी नाटक-सिनेमाची पीआर केली. लोकांना वाटतं पार्ट्या असतात. कसल्या पार्ट्या, कलाकार जे बोललाच नाही ते त्याच्या नावाने लिहायचं, हेच काम. "भूमिका आव्हानात्मक होती" हे मी किती जणांच्या तोंडी घातलं असेल त्याला गणती नाही, आणि एकाही पेपरने कधी विचारलं नाही की बाई, सगळे एकसारखं कसं बोलतात.

त्या दिवशी एक ज्येष्ठ नट गेले. साडेसातला पेपरच्या डेस्कवरून फोन, नऊला पान सोडायचंय, तुमच्या हिरोचा कोट द्या दीडशे शब्द, आणि युनिकोड नको, आमच्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट करून द्या (त्यात जोडाक्षरांची जी वाट लागते ती निस्तरण्यात माझं निम्मं करिअर गेलं). हिरो शूटिंगला, रेंज नाही. मॅनेजर म्हणाला, "ताई, तुम्हीच टाका ना काहीतरी इमोशनल."

टाकलं. चिपळूणचा दौरा, हिरो नवखा, अंगात ताप, आणि दादांनी विंगेत आपल्या थर्मासमधला गवती चहा पाजला. चहा खरं तर माझ्या मावशीचा, माझ्या दहावीच्या परीक्षेतला. दुसऱ्या दिवशी चौकटीत छापून आला.

चार दिवसांनी प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिरात शोकसभा. हिरो उठला आणि तोच प्रसंग सांगायला लागला. इथवर ठीक, पाठ केला असेल. पण मग म्हणाला, झाकण तडकलेलं होतं, चहा बोटांवर ओघळायचा आणि दादा आपल्या रुमालाने पुसायचे. हे मी लिहिलंच नव्हतं! माझ्यापेक्षा चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. माझ्या शेजारच्या बाई चक्क रडत होत्या.

सभा संपल्यावर दादांच्या पत्नीने त्याचा हात धरला. "निळा थर्मास रे तो. अजून आहे घरी."

"हो काकू, निळाच," तो म्हणाला. मी मागे प्रेस नोटच्या झेरॉक्स घेऊन उभी. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

वर्षभरात काम सोडलं आणि कथा लिहायला बसले. पहिली थर्मासवरच लिहिली, एका दिवाळी अंकाला पाठवली. परवा संपादकांचा मेसेज आला, कथा छान आहे, फक्त शेवटी त्या काकू निळा थर्मास म्हणतात ते पटत नाही, काढता येईल का?

अजून उत्तर दिलेलं नाही.