नोंदणी नेमकी कोणत्या गाडीची?

हेडलाइट, आरसे, इंडिकेटर यांपैकी कशाकडेही न पाहता शेजारचे काका, जे निवृत्त वाहन निरीक्षक आहेत, आज सकाळी थेट मोटारसायकलच्या हँडलखाली वाकले, फ्रेमवर कोरलेल्या चॅसिस क्रमांकावर बसलेली तांबडी माती त्यांनी अंगठ्याने पुसली आणि माझ्या धाकट्या भावाला विचारले, “फ्रेम एका गाडीची, इंजिन दुसरीचे, मग नोंदणी कोणाची रे?”

भावाने गोव्यातील डिचोलीच्या गॅरेजात जुन्या हिरो इम्पल्सच्या फ्रेममध्ये करिझ्मा या दुसऱ्या मोटारसायकलचे २२३ सीसी इंजिन बसवून घेतले आहे. इंजिन ज्यावर बसते त्या माउंटचे वेल्डिंग खरोखरच देखणे झाले आहे.

परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. आरसे, हॉर्न, पीयूसी सगळे चोख असले तरी इंजिन क्रमांक नोंदणीशी जुळत नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी प्रथम तोच तपासणार.

नाक्यावर मात्र सगळ्यांचे लक्ष सायलेन्सरकडेच असते.

काकांच्या मते गाडी पिकअप टेम्पोत घालून सार्वजनिक वाहतुकीसाठी बंद असलेल्या ट्रॅकवरच न्यावी. सत्तरी तालुक्यापर्यंतचे पिकअपचे भाडे हल्ली किती घेतात?