चांदीचा खासगी संग्रह विकत घेताना: यादीत ४२८ औंस, हिशेबात ३८४

विकायला काढलेल्या संग्रहाची यादी हातात आली तेव्हा तिच्या तळाशी बेरीज होती: ४२८ औंस. सगळं तपासून झाल्यावर माझ्या कागदावर शुद्ध चांदी भरली ३८४ औंस. मधल्या ४४ औंसांतले खोट्या नाण्यांपायी गेले ते जेमतेम सहा. बाकीचे मोजण्याच्या पद्धतीत गेले. यादी करणाऱ्याने फसवलं असं मला वाटलं नाही. बहुतेक नाण्यांपुढे त्याने ‘एक नग म्हणजे एक औंस’ धरला होता, इतकंच. खासगी संग्रह घेताना खोट्या मालाची भीती सगळ्यांना असते, पण पैसे मुख्यतः या सरळ दिसणाऱ्या बेरजेतच जातात.

चांदीचा औंस म्हणजे ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅमचा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर ‘औंस’चं बटण असतं ते बहुधा २८.३५ ग्रॅमच्या साध्या औंसाचं, त्यामुळे त्याला हात लावला नाही. सगळं ग्रॅममध्ये मोजलं, टंचाने (हजार भागांत शुद्ध चांदी किती, त्या प्रमाणाने) गुणलं आणि ३१.१०३५ ने भागलं. यादीत मी तीन नवे रकाने पाडले: प्रत्यक्ष वजन, टंच, शुद्ध चांदी. किंमत फक्त तिसऱ्या रकान्यावर ठरवायची, हे विकणाऱ्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.

अमेरिकन ईगलच्या वीस-वीसच्या पाच नळ्या आणि कॅनडाच्या मेपल लीफच्या पंचवीसच्या दोन, ही एकेका औंसाची शुद्ध चांदीची नाणी, त्यामुळे इथे नग आणि औंस जुळतात. चिनी पांडापासून घोळ सुरू होतो. २०१५ पर्यंतचा पांडा एक ट्रॉय औंसाचा, २०१६ पासूनचा ३० ग्रॅमचा. तीस पांडांपैकी बारा नव्या वजनाचे निघाले. फरक अर्ध्या औंसाहून कमी, पण यादी किती बारकाईने केली आहे ते त्यावरून कळलं. (ब्रिटनची ब्रिटानिया या संग्रहात नव्हती. असती तर साल पाहावं लागलं असतं. २०१२ पर्यंतच्या नाण्याचा टंच ९५८ आणि वजन साधारण ३२.४५ ग्रॅम, २०१३ पासून ९९९. शुद्ध चांदी दोन्हींत एकच औंस.)

मोठी घट जुन्या नाण्यांत होती. मॉर्गन हा अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर हातात भरीव लागतो, पण तो २६.७३ ग्रॅमचा आणि ९०० टंचाचा, म्हणजे ०.७७३४ औंस. चाळीस नाण्यांचे ४० औंस लिहिले होते, ते झाले ३१. ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीच्या छापाचं थेलर हे नाणं २८.०७ ग्रॅम, ८३३ टंच. पंचवीस नाण्यांचे औंस १९ सुद्धा नाहीत. थेलरवर १७८० साल पाहून ‘सव्वादोनशे वर्षांहून जुनं’ म्हणत ज्यादा भाव मागितला जातो. त्या राणीचा मृत्यू १७८० चा आणि तेच साल कायम ठेवून पुढे दोन शतकं ही नाणी निरनिराळ्या टांकसाळींत पाडली गेली. सालावरून वय कळत नाही. मी धातूचाच भाव दिला.

रुपये साठ होते, राणीछाप आणि राजाछाप मिसळलेले. यादीत त्यांचं वजन बरोबर होतं, टंच मात्र विचारात घेतलाच नव्हता. ११.६६ ग्रॅमच्या रुपयात ९१७ टंचाने १०.६९ ग्रॅम चांदी असते, पण १९४० ते १९४५ च्या रुपयात फक्त निम्मी, ५.८३ ग्रॅम. साठांतले बावीस रुपये या वर्षांतले होते. त्या काळचे रुपये आले की एकेकाचं साल वाचावंच लागतं, ढीग तोलून भागत नाही. आठ लगडींवर ‘१००० ग्रेन, स्टर्लिंग’ असा छाप होता. ४८० ग्रेनचा एक ट्रॉय औंस आणि टंच ९२५, त्यामुळे एका लगडीत १.९३ औंस. सर्वांत वाईट अवस्था पंधरा चकचकीत पदकांची. त्यांच्यावर ‘.९९९ फाइन सिल्व्हर क्लॅड’ होतं. ‘क्लॅड’ या शब्दात सगळं येतं: वर चांदीचा मुलामा, आत तांबं किंवा पितळ. पंधरा औंस तिथेच शून्य झाले. ‘जर्मन सिल्व्हर’ लिहिलेलं काही असलं तर त्यातही चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं.

तपासणीसाठी तीन वस्तू पुरेशा झाल्या: ०.०१ ग्रॅमचा काटा, जाडी-व्यास मोजणारा डिजिटल कॅलिपर आणि निओडिमियमचा जोरदार चुंबक. नाणं तिरपं धरून त्यावरून चुंबक सोडला तर खऱ्या चांदीवर तो सावकाश घरंगळतो, शिसं किंवा पितळ असेल तर भर्रकन खाली येतो. तांब्यावरही तो सावकाशच घसरतो, कारण चुंबक मंदावतो तो धातूच्या विद्युतवाहकतेमुळे आणि तांब्याची विद्युतवाहकता चांदीच्या जवळची आहे. म्हणजे ही परीक्षा नापास करायला चांगली, पास करायला नाही. नाणं बोटाच्या टोकावर तोलून टिचकीने वाजवायची पद्धतही त्याच पंक्तीतली.

भरवसा ठेवावा तो पाण्यातल्या वजनावर. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवायचं, आकडा शून्य करायचा आणि बारीक दोऱ्याला बांधलेलं नाणं पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं धरायचं. काट्यावर दिसणारे ग्रॅम म्हणजे नाण्याचं आकारमान, घन सेंटिमीटरमध्ये. कोरडं वजन त्याने भागलं की घनता मिळते. शुद्ध चांदीची १०.४९, ९०० टंचाची १०.३ च्या आसपास. एक औंसाच्या ईगलला काट्याने २.९६ ते २.९७ दाखवायला हवं. आत तांबं असेल तर तेवढ्याच वजनाला ३.४७ च्या जवळ येतं. एवढा फरक साध्या काट्यालाही लपवता येत नाही.

शंभर ईगल एकेक करून बुडवायची गरज पडली नाही. नळीतून दहा-दहाच्या दोन उतरंडी काढून शेजारी ठेवल्या. तांब्यावर मुलामा दिलेलं नाणं योग्य वजनाचं करायचं तर ते जाड करावं लागतं आणि योग्य जाडीचं केलं तर हलकं भरतं. चौथ्या नळीची एक उतरंड नजरेला उंच दिसली. ईगलची जाडी २.९८ मिलिमीटर, व्यास ४०.६. त्या उतरंडीतली तीन नाणी कॅलिपरवर साडेतीनच्या जवळ गेली आणि पाण्यातही नापास झाली. तिन्ही नळीच्या मधोमध होती. वरचं आणि खालचं नाणं बघून नळी बंद करणाऱ्याला ती कधीच सापडली नसती.

मॉर्गनमधली चार खोटी निघाली. वजनं २४.७ ते २५.३ ग्रॅम. नाणी झिजतात हे खरं, पण झीज आधी उठावावर दिसते. केसांच्या बटा आणि गरुडाची पिसं जशीच्या तशी, आणि वजन मात्र दीड-दोन ग्रॅमने कमी, असं झिजून होत नाही. त्यातल्या एकावर १८८७ सालासोबत कार्सन सिटी टांकसाळीचा ‘सीसी’ छाप होता. त्या टांकसाळीने मॉर्गन पाडले ते १८७८ ते १८८५ आणि १८८९ ते १८९३, मधल्या वर्षांत नाहीत. ते नाणं काट्यावर ठेवायचीही गरज नव्हती. पाच मॉर्गन प्रमाणित, प्लास्टिकच्या कवचात होते. कवचंही खोटी मिळतात, म्हणून क्रमांक प्रमाणन संस्थेच्या नोंदीत शोधून तिथल्या छायाचित्राशी नाण्यावरचे ओरखडे जुळवले.

एक किलोच्या तीन ओतीव लगडींना ०.०१ चा छोटा काटा चालत नाही. लगड दोऱ्याला टांगलेली असली तरी तिला बुडवण्याएवढ्या भांड्याचं आणि पाण्याचं वजन काट्याला पेलावं लागतं. तीन किलोपर्यंतचा, ०.१ ग्रॅमचा काटा घेतला. किलोच्या लगडीला ९५.३ यायला हवं. पहिल्या लगडीला ९६.४ आलं, घनता १०.३७. मी दचकलो. कारण क्षुल्लक होतं: ओतीव लगडीच्या वरच्या बाजूला धातू थिजताना आक्रसून खळगे पडतात, त्यांत हवेचे बुडबुडे अडकले होते. अडकलेली हवा आकारमान फुगवते आणि घनता खोटी कमी दाखवते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला, लगड बुडवून हलवली, पुन्हा मोजली: ९५.४.

लगडी एक्स-रे यंत्रावर दाखवाव्यात असा सल्ला मिळाला होता. ते यंत्र पृष्ठभागाचा पातळसा थरच वाचतं, जाड मुलाम्याला ते चांदीच म्हणतं. मोठ्या लगडीसाठी अल्ट्रासॉनिक जाडीमापक जास्त उपयोगी. चांदीत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३,६५० मीटर, तांब्यात ४,७०० च्या वर. यंत्रावर चांदीचा वेग लावला आणि त्याने कॅलिपरएवढीच जाडी दाखवली तर आतही चांदीच आहे. ओतीव लगड सगळीकडे सारख्या जाडीची नसते, म्हणून प्रत्येकीवर पाच ठिकाणी जोड्या जुळवल्या. आम्लाची परीक्षा कुठेच केली नाही. लगडीवर डाग पडला तर चालेल, नाण्याची किंमत त्याने कायमची उतरते.

भावाबद्दल आकडा ठरवला नाही, सूत्र ठरवलं. तपासणी आणि पैसे यांत तीन दिवस जाणार होते आणि चांदी तीन दिवसांत कुठेही जाऊ शकते. लंडनचा चांदीचा भाव कामकाजाच्या दिवशी तिथल्या दुपारी बाराला एकदाच जाहीर होतो, दोघांनाही दिसतो. पैसे देण्याच्या दिवशीचा तो भाव धरायचं लिहून घेतलं. त्यावर ईगल, मेपल आणि पांडाला ९९ टक्के, किलोच्या लगडींना आणि संग्रहातल्या शंभर ग्रॅमच्या लहान लगडींना ९७, जुन्या नाण्यांना ९४, स्टर्लिंगला ९०. हा उतरता क्रम मी पुढे विकायला जाईन तेव्हा मिळणाऱ्या भावाचा आहे. ९२५ टंचाची लगड घेणारा ती गाळण्याचा खर्च कापून घेतो, ईगल तसाच पुढच्या गिऱ्हाइकाला देतो. विकणाऱ्यांनी प्रमाणित मॉर्गनना संग्राहकाचा भाव मागितला. मागणं रास्त होतं, पण गुंतवणुकीत तो भाव मला परत मिळवता आला नसता. ती पाच नाणी त्यांच्याकडेच राहू द्या असं सुचवलं आणि ते मान्य झालं. सात खोटी नाणी आणि पंधरा पदकं वेगळ्या पिशवीत घालून, पावतीत तसं नोंदवून परत केली.

पावतीवर प्रत्येक लगडीचा क्रमांक, प्रत्येक गटाचे नग, वजन आणि टंच, भावाचं सूत्र, माल त्यांच्या मालकीचा असल्याचं विधान, दोघांच्या ओळखपत्रांची नोंद. पैसे बँकेतून. कराचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते आधीच विचारून ठेवले होते.

सगळा माल साडेबारा किलोंच्या आत आणि आकाराने सव्वा लिटरसुद्धा नाही, पण एका पिशवीत घातला असता तर बंद तुटले असते. नळ्या तशाच ठेवल्या. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतली नाणी काढून घेतली, कारण त्या प्लास्टिकचा हिरवा चिकट थर नाण्यावर उतरतो. तो ॲसिटोनमध्ये बुडवून काढला, घासला नाही. मेपलवरचे दुधाळ डाग तसेच राहिले, ते धुतल्याने जात नाहीत. रुपयांच्या चवडींना रबरबँड होते. रबरातल्या गंधकाने कडेच्या कंगोऱ्यांवर काळी रेघ उमटली होती. रबर काढून टाकलं, रेघ तशीच राहू दिली.