रायफल पॉइंट टू टूची, तोंडवळा एके-४७चा

कॅनडा अमेरिकेला लागूनच आहे, म्हणजे तिथेही दुकानात शिरायचं आणि बंदूक उचलून आणायची, असा आमच्या पुण्याच्या नातेवाइकांचा पक्का समज आहे. तसं काही नसतं. आधी सेफ्टी कोर्स, लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, मग लायसन्सचा अर्ज. अर्जात तुम्हाला निदान तीन वर्षं ओळखणाऱ्या दोघांची नावं लागतात, शिवाय बायकोची सही. तिने सही केली नाही तर सरकार स्वतः तिला कळवतं. माझ्यासाठी नाव द्यायला मराठी मंडळातला एक मित्र तयार झाला, पण आधी बाजूला घेऊन विचारलंच त्याने, "घरी सगळं ठीक आहे ना रे?" पहिल्या लायसन्सला किमान २८ दिवस थांबावं लागतं. यातल्या कशाबद्दलही माझी काडीची तक्रार नाही. बंदूक आहे, चौकशी व्हायलाच हवी.

तक्रार त्यानंतरची आहे.

कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच कॅलिबरची हलकी रायफल चालवली होती. पालथं पडून, कोपराला खडे टोचत असताना, मागे उस्ताद खेकसतोय, "श्वास रोख!" तो नाद कॅल्गरीत येऊन परत लागला. पॉइंट टू टूच्या गोळ्या स्वस्त, खांद्याला धक्का नाही, रविवारी सकाळी रेंजवर दोन तास मजेत जातात. कॅटलॉगात मॉसबर्ग कंपनीची ब्लेझ-४७ नावाची पॉइंट टू टू दिसली आणि आवडली. का आवडली याला उत्तर नाही. दिसायला झकास होती, बस.

काउंटरवरच्या माणसाने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि नाही म्हणून मान हलवली. मग मागच्या रॅकवरून साधी ब्लेझ काढून माझ्या हातात ठेवली. "ही घ्या. आतून तीच आहे." मी फोटो आणि हातातली वस्तू ताडून पाहिली. चाप, बोल्ट, नळी, गोळी, सगळं त्याच जातीचं. फरक वरच्या कवचाचा: नळीच्या टोकाला नेम धरायची उंच साइट, गोळ्यांचं मॅगझिन पुढे वळलेलं, पिस्तुलासारखी मूठ. तेवढ्यावर साधी ब्लेझ सर्वात खालच्या, 'नॉन-रिस्ट्रिक्टेड' वर्गात आणि ब्लेझ-४७ 'प्रोहिबिटेड'. म्हणजे खऱ्या एके-४७च्या पंगतीत! माझ्यासारख्या साध्या लायसन्सवाल्याला ती मिळणंच शक्य नाही.

आता पॉइंट टू टूची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, नळीतून निघताना तिची ऊर्जा दोनशे ज्यूलच्या आसपास. एके-४७ची दोन हजारांच्या घरात. पण नियमात एके-४७ आणि, दोन-तीन अपवाद सोडले तर, तिचे सगळे 'व्हेरियंट' बंद आहेत, आणि त्या यादीत मिचेल एके-२२ नावाची एक पॉइंट टू टूसुद्धा नाव घेऊन घातलेली आहे. व्हेरियंट कशाला म्हणायचं, हे मात्र कायद्यात कुठे सांगितलेलं नाही. ते ठरवतात केंद्रीय पोलिसांचे, म्हणजे आरसीएमपीचे तज्ज्ञ, आणि त्यांचं मत 'फायरआर्म्स रेफरन्स टेबल' नावाच्या कोष्टकात जातं. दुकानदार, कस्टम्स, पोलीस, सगळे त्या कोष्टकावर चालतात.

मी त्यांना फोन केला, मग ईमेल. उत्तरं सभ्य आली, आणि प्रत्येकात तेच वाक्य फिरवून लिहिलेलं. शेवटी विचारलं, अपील कुठे करायचं? इथे खरी गंमत आहे. फायरआर्म्स ॲक्टच्या ७४व्या कलमाखाली लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन नाकारलं तर प्रांतिक कोर्टात जाता येतं. पण साध्या वर्गातल्या रायफलींचं रजिस्ट्रेशन २०१२ सालीच बंद झालं. मला कोणी काही नाकारलेलंच नाही! नकाराचं पत्र नाही, तर कोर्टात नेणार काय?

माझं तर दुकानातच अडलं. २०१४ साली स्विस आर्म्स आणि सीझेड ८५८ रायफलींच्या मालकांचं त्याहून वाईट झालं. वर्षानुवर्षं कायदेशीर असलेली वस्तू कोष्टकातल्या बदलाने बेकायदा, आणि ते फिरवायला सरकारला २०१५ साली कायदा बदलावा लागला. मॅगझिनचंही तेच. रिमफायर, म्हणजे पॉइंट टू टूसारख्या रायफलीच्या मॅगझिनवर गोळ्यांची मर्यादा नाही, पण रुगर कंपनीच्या १०/२२ रायफलीचं पंचवीस गोळ्यांचं मॅगझिन रुगरच्याच चार्जर पिस्तुलात बसतं, म्हणून २०१६ साली ते पिस्तुलाचं ठरलं आणि दहाच्या वर बंद. पिस्तूल तुमच्याकडे असो वा नसो.

पोलिसांची बाजू मला कळत नाही असं नाही. रस्त्यापलीकडून पाहणाऱ्याला आतली गोळी कुठली ते कसं दिसणार? पण मग दिसण्यावरून बंदी आहे असं सरळ लिहा. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या कायद्यात तसं चक्क लिहिलंय: कॅलिबर काहीही असो, दिसायला तशी असेल तर बंद. कडक आहे, पण वाचून कळतं तरी.

मी साधी ब्लेझ घेतली. छान चालते. कोणी अशी नकली तोंडवळ्याची रायफल मागवणार असेल, तर दुकानदाराकडून आधी तिचा एफआरएन, म्हणजे कोष्टकातला नंबर, लेखी मागा. त्यापुढे कुठला वर्ग छापलाय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ॲडव्हान्स नंतर. आणि ज्या तारखेला बघितलं ती तारीख लिहून ठेवा, कारण नोंद बदलते.