वरचं लुगडं माझं

मला शिवणातलं काही येत नाही, हे आधीच सांगून टाकते. ब्लाउजचा हुक तुटला तर मी सेफ्टी पिन लावते आणि आठवडाभर तशीच ऑफिसला जाते. त्यामुळे २०१९च्या पुरानंतर आमच्या भिशीनं एकेचाळीस वाकळा शिवल्या आणि त्यातल्या तिनांत माझे टाके आहेत, असं कुणाला सांगितलं की माझी बहीण अजून हसते.

वाकळ म्हणजे गोधडीच. पुण्याकडे गोधडी म्हणतात, आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ.

त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी चढत चढत ५५ फुटांच्याही वर गेलं. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत, उंचावर. आमच्या घरात पाणी आलं नाही. नळालाही आलं नाही, ही त्यातली गंमत. शिरोलीजवळ महामार्ग बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. पाणी ओसरायला लागलं तशी मदतीची रीघ लागली आणि घरात बसवेना म्हणून मी एका शाळेतल्या मदत केंद्रावर गेले. तिथं मला विचारलं, "काय येतं तुम्हाला?" मी म्हटलं, "हिशेब." मला कपड्यांच्या खोलीत पाठवलं.

दोन वर्ग भरून कपडे होते. बाकं बाहेर काढली होती आणि खिडकीच्या गजापर्यंत ढीग. टिकल्यांचा घागरा, गुडघ्यावर फाटलेली जीन, एका लग्नातली शेरवानी, लहान मुलांचे स्नेहसंमेलनातले परीचे पंख. बरेच कपडे प्रवासातच भिजलेले, त्यांचा कुबट वास सगळ्या व्हरांड्यात. लोकांनी मनापासून पाठवलं होतं, नाही असं नाही. पण शिरोळ तालुक्यात चिखल उपसणाऱ्या बाईनं शेरवानीचं करायचं काय? पूरग्रस्त येत, ढीग जरा हलवून बघत, एखादी चादर नाहीतर सुती साडी मिळाली तर घेत आणि जात. आठ दिवसांनी ढीग होता तेवढाच, फक्त त्यातलं नेसण्यासारखं निघून गेलेलं. शाळा सुरू करायची होती. ट्रॅक्टर बोलावून हे सगळं कचरा डेपोवर टाकायचं ठरत होतं.

घरी येऊन मी हे जेवताना सांगितलं. सासूबाई ताटात बघतच म्हणाल्या, "टाकताय कशाला? वाकळा हुत्यात की त्येच्या."

दुसऱ्या दिवशी टेंपो करून आम्ही सुती तेवढं उचललं. पुढं कळलं की दिल्लीची 'गूंज' ही संस्था १९९९पासून जुन्या कपड्यांचं असलंच काम करते आणि त्यांच्याकडे अशा शिवलेल्या अंथरुणाला सुजनी म्हणतात. हे आधी कळतं तर आमच्या निम्म्या चुका वाचल्या असत्या.

आमची भिशी चौदा बायकांची. महिन्याला हजार रुपये, एक साबुदाणा वडा आणि भरपूर गप्पा. सप्टेंबरची भिशी तळमजल्यावरच्या काकूंना लागली. दोऱ्याला आणि सोड्याला पैसे कुठून आणायचे यावर चर्चा चालली होती, तेव्हा काकूंनी चौदा हजारांतले तीन हजार काढून माझ्या हातावर ठेवले. उरलेल्यात थोडी भर घालून त्यांनी फ्रिज घेतला. मला दोन्ही गोष्टी आवडल्या.

शिवणं लांबच राहिलं, आधी निवडणं आणि धुणं. तीन आठवडे आम्ही फक्त तेच करत होतो. बटणं, चेन, इलॅस्टिक कापून काढायचं. नायलॉन बाजूला, कारण ते थरात सरकतं आणि ऊबही देत नाही. होजिअरीचे टी-शर्ट बाजूला, कारण ते ताणले जातात आणि मध्येच फुगा येतो. जीन तर सुईच आत घेत नाही. राहतात चादरी, सुती साड्या, परकर, धोतरं, शर्टांच्या पाठी. मागच्या अंगणात बंब पेटवून उकळत्या पाण्यात सोडा घालून सगळं काढायचं आणि मग आकाशाकडे बघत बसायचं. त्या वर्षी पाऊस जायलाच तयार नव्हता. ऑक्टोबर संपत आला तरी पडत होता. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात चार मजले दोऱ्या बांधलेल्या, येणारा-जाणारा ओल्या परकरांतून वाट काढत वर जायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीच्या वहीत तक्रार लिहिली. त्यांच्याच बायकोनं दुसऱ्या दिवशी त्यांची तीन धोतरं आणून दिली.

वही माझ्याकडे होती, म्हणून आकडे सांगू शकते. सहावारी साडी साडेपाच मीटर. तिचे तीन पदर, म्हणजे वाकळेचे थर, केले की प्रत्येक सहा फुटांचा, म्हणजे एका माणसाची लांबी. नऊवारी मिळाली तर चार पदर आणि वर थोडं उरतं. पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास. दोन माणसांची वाकळ हवी तर जोड द्यावा लागतो. टाका काठापासून सुरू करायचा आणि चौकोनातून फिरत फिरत मध्याकडे यायचं. दोन ओळींत जेमतेम बोटाचं अंतर ठेवलं तर साधारण तीस फेरे होतात, आणि दोरा लागतो सव्वाशे-दीडशे मीटर. चार बायका रोज दुपारी अडीच तास बसल्या तर तीन दिवसांत एक वाकळ उतरते. म्हणजे कागदावर उतरते. प्रत्यक्षात एकीची पाठ धरते, एकीचे पाहुणे येतात.

हाताचे कष्ट वाचावेत म्हणून कुणीतरी मशीनची कल्पना काढली. गल्लीतल्या टेलरनं सांगून बघितलं की चार पदरांपुढं सुई टिकत नाही, तरी आम्ही दोनच पदर घालून तीन वाकळा मशीनवर मारल्या. धुतल्यावर त्यांचे पापड झाले. त्या तिन्ही आता आमच्या पार्किंगमध्ये, वॉचमनच्या कुत्र्याखाली.

मग सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. वय एकोणऐंशी, गुडघ्यांनी साथ सोडलेली, तरी हॉलमधला सोफा हलवायला लावून त्या जमिनीवर बसल्या. पदर अंथरून चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, आमच्याकडे वरवंटा, इस्त्री आणि दोन कुकर ठेवले होते. आधी लांब कच्चे टाके, मग दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्यायचा, म्हणजे पीळ सुटत नाही. दोरा हातभरच घ्यायचा. "लांब दोरा आळशी बाईचा," असं माझ्याकडे बघून म्हणायच्या. अंगुस्ताना मला कधी जमला नाही, मी बोटाला चिकटपट्टी गुंडाळायचे.

टाक्यांवरून आमच्यात जी भांडणं झाली ती भिशीच्या बारा वर्षांत झाली नव्हती. शाळेत शिकवणाऱ्या वहिनींचा टाका तांदळाएवढा, एकसारखा. माझा कधी गहू, कधी शेंगदाणा. एकदा मी घरी गेल्यावर वहिनींनी माझी एक अख्खी ओळ उसवून परत घातली. मला ते कळलं आणि मी दोन दिवस गेलेच नाही. हसण्यासारखंच आहे, पण तेव्हा खरंच लागलं होतं. सासूबाईंनी न्याय असा दिला की जिचा कोपरा तिचा टाका, दुसरीनं हात लावायचा नाही. "चौघींच्या हातची वाकळ चौघींची दिसायला नको व्हय?"

दिवाळीच्या आधी अठरा वाकळा तयार झाल्या. एक स्थानिक पुढारी वाटपाला यायला तयार होते, सोबत फ्लेक्स आणि फोटोग्राफर. आमच्यातल्या निम्म्या म्हणाल्या येऊ दे, टेंपोचं भाडं तरी सुटेल. निम्म्या म्हणाल्या नको. शेवटी नको ठरलं आणि टेंपोचं भाडं माझ्या नवऱ्यानं दिलं. तो अजून ते काढतो.

शिरोळ तालुक्यातल्या ज्या गावात गेलो तिथं भिंतींवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. समाजमंदिरात बायका जमल्या. आम्ही वाकळा उलगडून दाखवल्या. सगळ्यांनी हात फिरवला, छान म्हणाल्या, आणि घेईना कुणी. मला वाटलं लाजतायत. मग एक साठीच्या बाई, गावात सगळे त्यांना अक्का म्हणत, पुढं आल्या. वाकळेचा काठ चिमटीत धरून त्यांनी विचारलं, "ही कापडं कुणाची?"

मी म्हटलं, "धुतलेली आहेत, अक्का. उकळून काढलीत."

"त्ये कळालं. कुणाची हायत?"

मला उत्तर देता आलं नाही. कुणाची होती? मुंबईची, नाशकाची, कुठली कुठली. अक्का शांतपणे म्हणाल्या, "वाकळ आपल्या माणसाच्या कापडाची असती, बाई. म्हातारीचं लुगडं, मालकाचं धोतर. परक्याचं अंगाखाली घेऊन झोप कशी यायची?"

परतीच्या टेंपोत कुणी बोललं नाही. मला तर रागच आला होता. तीन आठवडे धुणं, दीड महिना शिवणं, आणि यांना कापडाचं गोत्र हवं. रात्री सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग बरोबर हाय की तिचं," आणि कूस बदलून झोपल्या.

चार दिवसांनी आम्ही दोघीच, मी आणि वहिनी, परत गेलो. यावेळी काही न घेता. अक्का अंगणात पुरातून वाचलेलं सामान वाळवत होत्या. त्यात त्यांच्या सासूचं एक हिरवं लुगडं होतं, काठाला गाळाचा तपकिरी डाग बसलेला, चार वेळा धुऊनही न गेलेला. ते हातात घेऊन त्याच म्हणाल्या, "असं करा. आतलं तुमचं असू द्या. वरचं लुगडं माझं."

एवढ्या साध्या तोडग्यासाठी आम्हाला चौदा बायका आणि दोन महिने लागले.

त्यानंतर काम उलटं झालं. आम्ही घरी फक्त आतले पदर तयार करायचो, कच्चे टाके घालून. रविवारी ते घेऊन समाजमंदिरात जायचं. तिथल्या बायका वरचं आणि खालचं कापड आणायच्या. कुणाचं डागाळलेलं लुगडं, कुणाच्या मुलीची शाळेची ओढणी, एकीनं नवऱ्याचा लष्करातला जुना शर्ट आणला आणि खिसा तसाच ठेवायला सांगितला. आधीच्या अठरा वाकळाही मग वर त्यांचं कापड चढवून मार्गी लागल्या. शिवायला त्या आमच्याबरोबर बसायच्या, आणि खरं सांगायचं तर आम्ही त्यांच्याबरोबर. त्यांचा हात आमच्या तिप्पट चालायचा. अक्कांनी माझा टाका बघितला आणि वहिनींसारखी उसवाउसवी केली नाही, मला सरळ सुईत दोरा ओवायच्या कामाला लावलं. दोन रविवार मी फक्त दोरे ओवले. तिसऱ्या रविवारी त्यांनी एक कोपरा दिला.

मधल्या शेवटच्या चौकोनात, टाका बंद करायच्या आधी, अक्का चिमूटभर जोंधळे टाकायच्या. वाकळेचं पोट रिकामं ठेवू नये म्हणे. वहिनींनी विचारलं, त्याला कीड लागणार नाही का? "लागंना. तिलाबी ऊब नको?"

तिथल्या एका म्हातारीनं या सगळ्याला सावड म्हटलं. शेतात आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, ती सावड. मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर 'पूरग्रस्त मदत' असं लिहिलं होतं. ते मी खोडलं नाही, पण पुढच्या वहीवर काहीच लिहिलं नाही. सावडीचा हिशेब फेडायचा असतो हे मात्र त्या विसरल्या नाहीत. जानेवारीत सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या गावाहून तिघी एसटीनं आल्या, आळीपाळीनं दवाखान्यात रात्री बसल्या, आणि मला ऑफिसला पाठवलं. येताना भाकरी आणि ठेचा. दवाखान्यात ठेच्याला बंदी होती, सासूबाईंनी उशीखाली ठेवला.

एकेचाळिसावी वाकळ फेब्रुवारीत उतरली. मार्चपासून सगळंच बंद झालं. भिशी फोनवर चालू राहिली, गावाला जाणं नाही.

२०२१च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. कोरोनाचे निर्बंध चालू होते. रात्री अकराला अक्कांना फोन लावला, तर मागून बायका-पोरांचा गलका. सगळे शाळेत हलले होते. मी विचारलं, सामान?

"वाकळा माळ्यावर चढवल्या पयल्या. मंग टीव्ही."

आणि घरात पाणी?

"व्हय, कमरंएवढं."

मी म्हटलं, रस्ता सुरू झाला की आम्ही येतो, काय काय लागेल ते सांगा, कपडे गोळा करायला सुरुवात करते.

"या की. पर कापडं आणू नगा," अक्का म्हणाल्या. "दोरा आणा."

दुकानं दुपारपर्यंतच उघडी असायची. लाल दोरा संपला होता. निळ्याची चौदा रिळं मिळाली, ती घेतली.